अर्ली स्टेज ब्रेस्ट कॅन्सर: फक्त गाठ काढायची की पूर्ण ब्रेस्ट, हे ठरवायचं कसं

बायोप्सीचा रिपोर्ट आला आणि त्यावर इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, म्हणजे दुधाच्या नळीत सुरू होऊन आजूबाजूला शिरलेला ब्रेस्ट कॅन्सर, असं लिहिलेलं निघालं की घरात प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं, "सगळंच काढून टाका, विषय संपवा." आई म्हणते, नवरा म्हणतो, गावाहून मामांचा फोन येतो तेही हेच म्हणतात, आणि काळजीपोटीच म्हणतात, त्यात काही वाद नाही. पण अर्ली स्टेजला बहुतेक बायकांसमोर खरोखर दोन रस्ते असतात आणि जगण्याच्या हिशोबात दोन्ही सारखेच आहेत, हे घरात सहसा कुणालाच माहीत नसतं. मी डॉक्टर नाही. घरातल्या आणि ओळखीतल्या बायकांसोबत ओपीडीच्या रांगेत बसून, त्यांचे रिपोर्ट वाचून, डॉक्टरांना परत परत विचारून जे कळत गेलं ते इथे लिहितेय, म्हणजे निर्णय घ्यायच्या आधी काय काय बघायचं ते तरी कळेल.

अर्ली स्टेज म्हणजे साधारण स्टेज वन आणि टू, गाठ बऱ्याचदा पाच सेंटिमीटरच्या आत, काखेत फार तर थोड्या आणि हलणाऱ्या गाठी, आणि शरीरात दुसरीकडे कुठे पसरलेलं नाही. यात ऑपरेशनचे मुख्य दोन प्रकार. एक म्हणजे लंपेक्टमी, गाठ आणि तिच्या भोवतीची थोडी चांगली जागा काढायची, ब्रेस्ट ठेवायचं आणि नंतर रेडिएशन घ्यायचं, ज्याला आपल्याकडे शेक किंवा लाईट म्हणतात. दुसरा मॅस्टेक्टमी, पूर्ण ब्रेस्ट काढायचं. काखेचं ऑपरेशन दोन्हीत असतं, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय कारण त्याकडे लोक अजिबात लक्ष देत नाहीत आणि नंतर हात सुजला की मग कळतं.

दोन्हीत आयुष्य सारखं, हे कशावरून

शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या हॅलस्टेड नावाच्या सर्जनची पद्धत जगभर चालायची, ब्रेस्ट, छातीचे स्नायू, काखेतलं सगळं एकदम काढायचं. जेवढं जास्त कापू तेवढा कॅन्सर बरा, असा समज. मग १९७३ मध्ये इटलीत मिलानला व्हेरोनेसी यांनी आणि १९७६ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी हे तपासून बघायचं ठरवलं, चिठ्ठ्या टाकून बायकांचे गट पाडले, काहींचं ब्रेस्ट काढलं, काहींची फक्त गाठ काढून शेक दिला, आणि वीस-वीस वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २००२ मध्ये दोन्हीचे वीस वर्षांचे निकाल आले. किती बायका जगल्या यात फरक नव्हता. गाठ काढलेल्या आणि ब्रेस्ट काढलेल्या, दोन्ही गट सारखेच.

फरक एका गोष्टीत होता, त्याच बाजूला कॅन्सर परत येण्यात. मिलानच्या अभ्यासात ब्रेस्ट ठेवलेल्या बायकांमध्ये वीस वर्षांत ८.८ टक्क्यांना त्याच ब्रेस्टमध्ये परत गाठ आली, पूर्ण काढलेल्यांमध्ये २.३ टक्के. म्हणजे ब्रेस्ट काढूनही शून्य होत नाही हे लक्षात घ्या, छातीच्या कातडीत किंवा व्रणावरही परत येऊ शकतो. आणि ब्रेस्टमध्ये परत आलाच तर तेव्हा मॅस्टेक्टमी करता येते. हे आकडे सत्तरच्या दशकातल्या उपचारांचे आहेत, आता हार्मोनच्या गोळ्या, हर्सेप्टिनसारखी इंजेक्शनं, चांगलं इमेजिंग यामुळे परत येण्याचं प्रमाण त्याहून कमी झालंय. पण शेक घेतला नाही तर गणित बिघडतं, फिशर यांच्या अभ्यासात शेक न घेतलेल्या ३९.२ टक्के बायकांना त्याच ब्रेस्टमध्ये परत आला आणि शेक घेतलेल्यांमध्ये १४.३ टक्क्यांना. त्यामुळे लंपेक्टमी करायची आणि शेकाला जायचं नाही हा पर्याय मोजायचाच नाही, वयस्कर बायकांचा एक अपवाद आहे तो पुढे येईल.

स्वीडनमध्ये जवळपास ४९ हजार बायकांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये एक अभ्यास आला, त्यात तर ब्रेस्ट ठेवून शेक घेतलेल्या बायका जास्त जगलेल्या दिसल्या. तो चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हता, नुसत्या नोंदी होत्या, म्हणून ब्रेस्ट ठेवलं की जास्त जगाल असं मी म्हणणार नाही. पण ब्रेस्ट ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ, ही भीती मनातून काढायला तो पुरेसा आहे.

आणि अजून एक, ज्यावर बहुतेक घरं फसतात: ब्रेस्ट पूर्ण काढलं की चीमो टळेल असं वाटतं. नाही टळत. चीमो द्यायची की नाही हे गाठीच्या स्वभावावर ठरतं, साइज, ग्रेड, काखेतल्या गाठी, ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगणाऱ्या टेस्ट) आणि हर टू (कॅन्सरच्या पेशीवरचं एक प्रोटीन) यावर. कोणतं ऑपरेशन केलं यावर नाही. चीमोच्या भीतीने मॅस्टेक्टमीला हो म्हणत असाल तर आधी थांबा आणि डॉक्टरांना हे सरळ विचारा.

ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी काय हातात हवं

दोन्ही ब्रेस्टचा मॅमोग्राम आणि सोनोग्राफी, फक्त दुखऱ्या किंवा गाठीच्या बाजूची नाही. मग ट्रूकट म्हणजे कोअर बायोप्सी, जाड सुईने गाठीचा तुकडा घेतात, आणि त्यावरच ईआर, पीआर, हर टू या टेस्ट. सुई टोचली की कॅन्सर पसरतो ही भीती गावाकडे आणि शहरातही अजून आहे, तिला आधार नाही. उलट नुकसान होतं ते "साधी गाठ दिसतेय, काढून टाकू आणि मग तपासायला पाठवू" यात. छोट्या ठिकाणी हे सर्रास होतं. गाठ अशी काढली गेली की कडा नीट मिळालेल्या नसतात, चीरही भलत्या ठिकाणी असते आणि दुसरं ऑपरेशन करावंच लागतं. तुमच्या बाबतीत असं आधीच झालं असेल तर घाबरू नका, पण त्या हॉस्पिटलमधून किंवा लॅबमधून नुसता रिपोर्ट नाही, पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड्स मागून घ्या, मोठ्या हॉस्पिटलमध्ये त्या परत बघतात, आणि ब्लॉक तुमचाच आहे, मागायला लाजायचं नाही.

गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी आणि हर टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर टू तिन्ही निगेटिव्ह) असेल तर बऱ्याचदा चीमो आधी आणि ऑपरेशन नंतर असा क्रम असतो. याचा ऑपरेशनवर थेट परिणाम होतो कारण गाठ आक्रसते आणि आधी जिथे पूर्ण ब्रेस्ट काढावं लागलं असतं तिथे आता गाठ काढून भागू शकतं. फक्त चीमोच्या आधी गाठीत बारीक क्लिप टाकून घ्यायची असते, म्हणजे गाठ दिसेनाशी झाली तरी जागा सापडते. हे विसरलं गेलं तर नंतर सर्जनला नेमकी जागा शोधणं फार अवघड होतं. म्हणून चीमो आधी म्हणाले की लगेच विचारा, क्लिप टाकणार ना?

या सगळ्याला दोन-तीन आठवडे लागतात आणि तेवढा वेळ घेतल्याने अर्ली स्टेजला काही बिघडत नाही. उद्याच ऑपरेशन करा असं कुणी म्हणत असेल तर दुसरं मत घ्या. महिनोन्महिने काढायचे नाहीत, झाडपाला, पथ्यं, अमक्याचा काढा यात तर अजिबात वेळ घालवायचा नाही, अर्ली असलेली गाठ पुढच्या स्टेजला गेलेली मी बघितलीय.

कुणाला ब्रेस्ट काढणंच बरं

काही जणींना डॉक्टर मॅस्टेक्टमीच सांगतात आणि ते बरोबर असतं. ब्रेस्टच्या वेगवेगळ्या भागांत एकापेक्षा जास्त गाठी, मॅमोग्राममध्ये चुन्यासारखे बारीक कण पूर्ण ब्रेस्टभर पसरलेले, आधी कधी त्याच छातीला शेक दिलेला, सुरुवातीचे महिने असलेली गरोदर बाई जिला वेळेत शेक देता येणार नाही, किंवा गाठ काढून कडा परत परत पॉझिटिव्ह येतायत, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेवर कॅन्सर निघतोय. स्क्लेरोडर्मासारखा, कातडी कडक होत जाणारा आजार असेल तर शेक झेपत नाही, तेही बघतात. ब्रेस्ट लहान आणि गाठ मोठी असेल तर पूर्वी सरळ काढायचे, आता ऑन्कोप्लास्टी नावाचं तंत्र आहे, उरलेली जागा सरकवून किंवा पाठीचा थोडा भाग आणून आकार सांभाळतात. ते सगळ्या सर्जनना येत नाही. म्हणून "तुमचं ब्रेस्ट लहान आहे, ठेवता येणार नाही" हे उत्तर एका ठिकाणी मिळालं तर ब्रेस्टचंच काम करणाऱ्या सर्जनला एकदा दाखवा.

पन्नाशीच्या आत कॅन्सर झाला असेल, ट्रिपल निगेटिव्ह असेल, किंवा आई, मावशी, आत्या, बहिणीला ब्रेस्ट किंवा ओव्हरीचा झाला असेल तर बीआरसीए टेस्टबद्दल (घराण्यात चालत येणाऱ्या जनुकातल्या बिघाडाची टेस्ट) ऑपरेशनच्या आधी विचारा. ती पॉझिटिव्ह आली तर दोन्ही बाजूंचा विचार बदलतो. पण असं काही नसताना नुसत्या भीतीने दुसरं चांगलं ब्रेस्टही काढून टाकायचं, त्याने आयुष्य वाढत नाही, ऑपरेशनचा त्रास मात्र दुप्पट होतो.

शेकाचा प्रश्न, म्हणजे खरा अडसर

आपल्याकडे निर्णय बऱ्याचदा कॅन्सरवर होतच नाही, अंतरावर होतो. नंदुरबारच्या नाहीतर गडचिरोलीच्या बाईला कुणी सांगितलं की रोज शेकाला यावं लागेल तर ती म्हणणारच, काढून टाका, मला घरी जाऊ द्या, गुरं आहेत, पोरांच्या परीक्षा आहेत. तिचं चुकत नाही. पण पूर्वी पाच-सहा आठवडे लागायचे, आता बहुतेक ठिकाणी १५ सिटिंग, म्हणजे सोमवार ते शुक्रवार धरून तीन आठवडे, तरुण बायकांना वरून थोडे बूस्टचे, म्हणजे गाठीच्या जागेवर जादा शेकाचे. इंग्लंडमध्ये झालेल्या फास्ट फॉरवर्ड अभ्यासात तर पाच सिटिंगमध्ये एका आठवड्यात शेक पूर्ण केला आणि २०२० मध्ये आलेल्या पाच वर्षांच्या निकालात तो तीन आठवड्यांच्या शेकाइतकाच चालला. सगळ्यांना लागू होत नाही, पण "माझं पाच दिवसांत होईल का" हा प्रश्न रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारायचाच, आणि तोही ऑपरेशनच्या आधी. एकेक सिटिंग काही मिनिटांचं असतं, दुखत नाही, छातीवर शाईच्या खुणा करतात त्या पुसायच्या नाहीत एवढं सांभाळायचं. डाव्या बाजूचं असेल तर श्वास रोखून शेक देतात का ते विचारा, त्याने हृदयाला कमी लागतो.

मुंबईला परळच्या टाटामध्ये उपचार चालू असतील तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन, इथे पेशंट आणि नातेवाइकांची राहायची सोय होते, हॉस्पिटलच्या सोशल वर्कर विभागातून चौकशी करा. आणि मुंबईच गाठायला हवी असंही नाही, शेकाची सोय बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटलमध्ये आहे, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये आहे, नागपूर, पुणे, नाशिकलाही आहे. ऑपरेशन एकीकडे आणि शेक घराजवळ असं करता येतं.

मॅस्टेक्टमी केली म्हणजे शेक नक्की टळला असंही नाही हो. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी निघाली किंवा काखेतल्या चार किंवा जास्त गाठींमध्ये कॅन्सर निघाला तर शेक लागतोच, एक ते तीन गाठींमध्येही बऱ्याचदा देतात. ब्रेस्टही गेलं आणि शेकही घ्यावा लागला, अशी बाई मग फार खचते कारण तिला कुणी आधी सांगितलेलंच नसतं. उलट सत्तरीच्या पुढच्या बाईची गाठ लहान, दोन सेंटिमीटरच्या आत, ईआर पॉझिटिव्ह, काख मोकळी, आणि ती हार्मोनची गोळी रोज न चुकता घेणार असेल तर लंपेक्टमीनंतर शेक न देताही चालू शकतं, हा तो अपवाद.

काख विसरू नका

काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या तर साधारण पाचातल्या एकीचा हात पुढे सुजतो, आणि ती सूज आयुष्यभर सांभाळावी लागते, बांगडी घट्ट होते, ब्लाउजची बाही चढत नाही, पोळ्या लाटताना हात भरून येतो. सेंटिनेल नोड बायोप्सीत ब्रेस्टमध्ये निळा डाय किंवा आयसोटोप टाकून, कॅन्सर काखेत आधी जिथे पोहोचेल त्या पहिल्या दोन-तीन गाठीच काढून बघतात, त्यात सुजेचं प्रमाण विसात एक इतकं खाली येतं. सोनोग्राफीत काख मोकळी दिसत असेल तर "सेंटिनेल करणार की सगळ्या काढणार" हे विचारल्याशिवाय सही करू नका. डायची सोय नाही म्हणून सगळ्या काढतो असं कुणी म्हणालं तर सोय असलेल्या ठिकाणी जा, काही भारतीय हॉस्पिटलमध्ये काखेच्या खालच्या भागातल्या थोड्याच गाठी घेऊन तपासायची पद्धतही आहे, टाटानेच त्यावर काम केलंय. आणि लंपेक्टमी करून शेक घेणार असाल आणि सेंटिनेलमध्ये एक-दोन गाठी पॉझिटिव्ह निघाल्या तरी बऱ्याच जणींना बाकीच्या काढाव्या लागत नाहीत.

टाटाचंच अजून एक काम विचारण्यासारखं आहे. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या ११ हॉस्पिटलमध्ये १६०० च्या आसपास बायकांवर बघितलं की ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती जागा बधिर करायचं साधं इंजेक्शन दिलं तर काय होतं. २०२३ मध्ये निकाल आला, पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. या बायका आधी चीमो न घेता थेट ऑपरेशनला गेलेल्या होत्या. औषध अगदी स्वस्त आहे, तुमचे सर्जन देतात का एवढं विचारायला काय हरकत आहे.

खर्च आणि नवं ब्रेस्ट

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, चीमो, शेक बसतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी जा, मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, नंतर बिल घेऊन गेलं की उपयोग नाही. मॅस्टेक्टमीच ठरली तर ब्रेस्ट परत बनवायचा पर्याय असतो, पाठीच्या किंवा पोटाच्या मांसाने, किंवा इम्प्लांटने. त्याच वेळी करता येतं किंवा नंतरही. शेक लागणार असेल तर इम्प्लांट आक्रसून कडक व्हायचा त्रास जास्त, तेव्हा स्वतःच्या मांसाचं बरं पडतं. हे करून घेतल्याने कॅन्सर परत आला तर कळणार नाही अशी समजूत आहे, ती खरी नाही. नकोच असेल तर सिलिकॉनचा पॅड मिळतो, आणि ओळखीच्या टेलरकडून ब्लाउजच्या आत कप्पा शिवून घेतला की पॅड जागेवर बसतो, साडीत कुणाला कळतही नाही.

आता निर्णय कुणाचा

साठीच्या बाईला विचारलंच जात नाही. "आता या वयात काय करायचंय ठेवून," असं तिच्या समोर, कधी कधी डॉक्टरही, बोलून मोकळे होतात आणि ती मान डोलावते. मला याचा फार राग येतो. ते तिचं शरीर आहे, साठ वर्षं त्यात राहिलेली आहे, सकाळी आंघोळीला गेल्यावर रोज तिलाच बघायचंय. आणि उलट बाजूही तितकीच खरी, एखादी तिशीची मुलगी नीट सगळं समजून घेऊन म्हणाली की मला रोज त्याच ब्रेस्टची धाकधूक नकोय, काढून टाका, तर तेही पूर्ण बरोबर आहे, तिला "अगं एवढी तरुण आहेस" म्हणून कुणी अडवायचं नाही. नवऱ्यांना एवढंच सांगेन, ओपीडीत तिच्या आधी उत्तर देऊ नका. तिला एकटीला पाच मिनिटं डॉक्टरांशी बोलू द्या.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्या, आत गेलं की सगळं विसरायला होतं. माझी गाठ किती सेंटिमीटर आणि कुठे आहे, मला लंपेक्टमी चालेल का, नसेल तर नेमकं कारण काय. कडा क्लिअर आहेत का हे ऑपरेशन चालू असतानाच फ्रोजन सेक्शनने (तुकडा गोठवून लगेच तपासून) बघणार का, आणि नंतर पॉझिटिव्ह निघाल्या तर परत ऑपरेशन का. शेक नक्की लागेल का, किती दिवस. काखेत काय करणार. महिन्याला ब्रेस्टची किती ऑपरेशनं तुम्ही करता, हेही विचारा, चांगला सर्जन चिडत नाही. शंका राहिलीच तर नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या (देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) 'नव्या' (Navya) नावाच्या ऑनलाइन सेवेतून रिपोर्ट पाठवून दुसरं मत घेता येतं.

ऑपरेशननंतर मॅस्टेक्टमी किंवा पूर्ण काख काढलेली असेल तर ड्रेनची नळी आणि बाटली लावूनच घरी पाठवतात. सकाळ-संध्याकाळ बाटली रिकामी करायची, किती एमएल आलं ते तारीख घालून वहीत लिहायचं, पाणी सुरुवातीला लालसर असतं मग पिवळट होत जातं. दिवसाला ३० एमएलच्या खाली आलं की बहुतेक डॉक्टर नळी काढतात, म्हणून ती वही पुढच्या व्हिजिटला न्यायचीच. गाउन पुढून बटणांचा घ्या, डोक्यातून घालायचा नको. नळी आहे म्हणून हात छातीशी धरून बसायचं नाही, खांदा आखडतो, फिजिओ सांगेल तसा पहिल्या दिवसापासून थोडा थोडा हलवायचा आणि टाके सुकले की भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. नळी काढल्यावर काखेत परत पाणी साचून फुगलं तर घरी दाबत बसू नका, ओपीडीत सुईने काढून देतात.

फायनल हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायला आठ-पंधरा दिवस लागतात. त्यात गाठीचा साइज, ग्रेड, कडा आणि काखेतल्या किती गाठींपैकी किती पॉझिटिव्ह एवढं बघायचं. इन्व्हेजिव्ह कॅन्सरमध्ये शाई लावलेल्या कडेवर कॅन्सर नसला की पुरे, अजून मोठी कड हवी म्हणून परत कापायची गरज नसते, डीसीआयएस (दुधाच्या नळीच्या आतच राहिलेला, बाहेर न शिरलेला कॅन्सर) असेल तर दोन मिलिमीटर धरतात. तो रिपोर्ट घेऊन चीमोच्या आणि शेकाच्या दोन्ही डॉक्टरांना एकाच आठवड्यात भेटा, आणि शेकाच्या प्लॅनिंग सीटीचा नंबर त्याच दिवशी लावून या, कारण सरकारी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये त्यालाच वेटिंग असतं.